नाव नसलेली बाटली म्हणजे हुर्राक: घरी सॅनिटायझर करण्याआधी आणि करताना

एप्रिल महिना. मामा सत्तरी तालुक्यातून काजूच्या बोंडूंची पिशवी घेऊन आला होता. मी आत चहा ठेवला आणि बाहेर येऊन पाहते तर हा सोप्यावरच्या फळीवरची बाटली उघडून नाकाशी धरून उभा. "गो, ही खंयची हुर्राक? वास वेगळाच मारतो." ती हुर्राक, म्हणजे काजूच्या रसाची पहिल्या धारेची हलकी दारू, नव्हती. शाळेतल्या प्रयोगशाळेतून आणलेले आयसोप्रोपिल अल्कोहोल मी सोड्याच्या रिकाम्या बाटलीत ओतून ठेवले होते, तेही "दोन दिवसांचा तर प्रश्न" म्हणून. मामाला वास ओळखता आला म्हणून निभावले. लिमका, मीठ आणि उभी चिरलेली मिरची आधीच घातलेल्या ग्लासात कोणी ते ओतले असते, तर वास कळलाही नसता.

मी उच्च माध्यमिक विद्यालयात रसायनशास्त्राची प्रयोगशाळा सांभाळते. २०२० मध्ये दुकानांतून सॅनिटायझर नाहीसे झाले तेव्हा अर्ध्या वाड्याने मला कृती विचारली. आताही कोणी ना कोणी विचारतेच. मिसळणे कठीण नाही. ज्याला फोडणी जमते त्याला हेही जमते. कठीण आहे ते आपल्या गोव्यात. इथे उन्हाळ्यात स्वच्छ, रंगहीन, झोंबणाऱ्या वासाचा द्रव कुठल्याही जुन्या बाटलीत दिसला की तो पिण्याचाच, असे सगळे धरून चालतात. म्हणून या लेखात मापांइतकीच जागा बाटल्यांना दिली आहे.

आधी विचारा: खरेच करायचे आहे का?

घरात नळ आणि साबण असेल तर सॅनिटायझरची गरज फारशी नाही. मासळी साफ केलेले, मातीचे, खोबरेल लागलेले हात अल्कोहोलने स्वच्छ होत नाहीत. जुलाब-उलट्यांची साथ आणणारा नोरोव्हायरस अल्कोहोलला सहजी दाद देत नाही, आणि काही जिवाणूंचे बीजाणू तर अजिबात मरत नाहीत. तिथे साबण-पाणीच हवे. सॅनिटायझरचा उपयोग पाणी नसते तिथे: बसमध्ये, जत्रेत, रुग्णाच्या खाटेशी, दुकानाच्या गल्ल्यावर. बाजारात तयार बाटली मिळत असेल तर तीच घ्या. करायचेच असेल तर अर्धा लिटर करा. पिंपभर करून नातेवाइकांत वाटण्याचा उत्साह आवरा. विकणे तर दूरच. हात निर्जंतुक करणारे द्रव विक्रीसाठी बनवायला औषध कायद्याखाली परवाना लागतो आणि गोव्यात त्याची चौकशी अन्न व औषध प्रशासन संचालनालयाकडे करावी लागते.

फेणीचे काय?

हा प्रश्न येणारच, म्हणून आधीच उत्तर देते. नाही. हातावरचे जंतू मारायला अल्कोहोल किमान ६० टक्के लागते. फेणीत ते साधारण ४२ ते ४५ टक्के, आणि हुर्राकात त्याच्या निम्म्याहूनही कमी. त्यात कोरफड घाला, लिंबू घाला, काहीही घाला. घातलेल्या प्रत्येक थेंबाने टक्का खालीच जाणार. "आमची फेणी काडी लावली की पेटते" असे भाटीवाले छाती ठोकून सांगतात. पेटते हे खरे, पण साठ टक्क्यांच्या बरीच खालची दारूही कोमट असली की पेटते. त्यामुळे ती परीक्षा इथे निरुपयोगी आहे, वर हात भाजण्याची सोय. घरी पुन्हा ऊर्ध्वपातन करून टक्का वाढवायचा विचार मनात येत असेल तर तो सोडून द्या. बंद खोलीत अल्कोहोलची वाफ आणि खाली जाळ हा अपघात आहे, आणि विनापरवाना दारू गाळणे हा अबकारीचा गुन्हा आहे.

उलट्या बाजूचा प्रश्नही येतो: मग शंभर टक्के अल्कोहोलच का लावू नये? कारण जंतूंची प्रथिने बिघडवायला पाण्याचीही मदत लागते. अगदी कोरडे अल्कोहोल भरकन उडून जाते आणि त्याची मारकशक्ती कमी पडते. म्हणून ७५ ते ८० टक्के. थोडे पाणी हवेच, जास्त नको.

कोणते अल्कोहोल

जागतिक आरोग्य संघटनेने स्थानिक पातळीवर सॅनिटायझर बनवण्यासाठी दोन सूत्रे दिली आहेत. एकात इथेनॉल, दुसऱ्यात आयसोप्रोपिल अल्कोहोल, ज्याला दुकानदार आयपीए म्हणतात. इथेनॉलवर अबकारी खात्याचे नियंत्रण असते आणि परवान्याशिवाय रेक्टिफाइड स्पिरिट (जवळजवळ शुद्ध इथेनॉल) घरात साठवणे म्हणजे भानगड. त्यामुळे घरासाठी मी आयपीएचेच सूत्र सांगते. प्रयोगशाळेला रसायने पुरवणाऱ्या दुकानातून सीलबंद बाटली घ्या. तिच्यावर रसायनाचे पूर्ण नाव, ९९ टक्के किंवा अधिक शुद्धता, बॅच क्रमांक आणि तारीख छापलेली असली पाहिजे. औषधी दर्जाची, म्हणजे आयपी अक्षरे असलेली, मिळाली तर उत्तम. (इथे आयपी म्हणजे भारतीय औषधसंहिता, आयपीए नव्हे. या दोन नावांनी माझ्या विद्यार्थ्यांचाही दरवर्षी गोंधळ होतो.)

सुट्टे, डब्यातून मोजून दिलेले "स्पिरिट" घेऊ नका. फर्निचरला पॉलिश करणारे सुतार जे वापरतात त्यात मिथेनॉल असू शकते. मिथेनॉल वासाने किंवा रंगाने ओळखता येत नाही. ते कातडीतूनही शरीरात शिरते, आणि पोटात गेले तर डोळे जातात, जीवही जातो. २०२० साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाला मिथेनॉल असलेल्या सॅनिटायझरच्या बाटल्या बाजारातून परत मागवायला लावाव्या लागल्या. कारखान्यात बनलेल्या मालाची ही गत, तर सुट्ट्या डब्याचा भरवसा काय धरायचा? थिनर, नेलपॉलिश काढायचे द्रव, गाडीचे इंजिन साफ करायचे द्रव, यांतले काहीही नको.

औषधाच्या दुकानातले सर्जिकल स्पिरिट हा वेगळा प्रकार आहे. ते कधी आधीच पातळ केलेले असते. लेबल वाचा, ७० टक्के असेल तर त्यात पाणी घालायचे नसते.

बाकीची सामग्री

ग्लिसरीन औषधाच्या दुकानात मिळते. ते जंतूंसाठी नाही, तुमच्या कातडीसाठी आहे. अल्कोहोलने हात फुटू नयेत म्हणून. सांगितल्यापेक्षा जास्त घालू नका. ग्लिसरीन हवेतला ओलावा ओढते, आणि आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये हवेत ओलावा किती असतो ते मी सांगायला नको. जास्त झाले की हात गूळ कालवल्यासारखे चिकटतात आणि मारकशक्तीही थोडी उतरते.

हायड्रोजन पेरॉक्साइड कशाला, हे बहुतेकांना ठाऊक नसते. ते हातांसाठी नाही, बाटलीसाठी आहे. पाण्यातून किंवा भांड्यातून आत आलेल्या बीजाणूंना अल्कोहोल मारत नाही, पेरॉक्साइड हळूहळू मारते. इथे एक ठेच सगळ्यांना लागते. सूत्र ३ टक्क्यांच्या पेरॉक्साइडवर बेतलेले आहे. आपल्या औषधाच्या दुकानांत मिळणाऱ्या बाटलीवर बहुधा "२० व्हॉल्यूम" लिहिलेले असते, म्हणजे सुमारे ६ टक्के. ती बाटली असेल तर माप निम्मे करा. ३० टक्क्यांचे पेरॉक्साइड प्रयोगशाळेत असते. ते कातडी पांढरी करून जाळते. ते घरात आणूच नका.

पाणी: दहा मिनिटे खळाळून उकळा आणि झाकून पूर्ण गार करा. डिस्टिल्ड मिळाले तर चांगलेच. विहिरीचे पाणी कितीही गोड असले तरी उकळल्याशिवाय नको.

अर्धा लिटरची मापे

९९.८ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल ३७६ मिली. हायड्रोजन पेरॉक्साइड ३ टक्क्यांचे असेल तर २१ मिली, ६ टक्क्यांचे असेल तर साडेदहा मिली. ग्लिसरीन सव्वासात मिली. उरलेले सगळे पाणी, एकूण ५०० मिली होईपर्यंत. लिटरभर करायचे तर सगळे दुप्पट. यातून अल्कोहोल ७५ टक्के येते.

"एकूण ५०० मिली होईपर्यंत" हे शब्द पुन्हा वाचा. वजाबाकी करून आलेले पाणी मोजून ओतायचे नाही. अल्कोहोल आणि पाणी एकत्र आले की आकारमान आकसते: ५० मिली इथेनॉल आणि ५० मिली पाणी मिळून १०० नव्हे, ९६-९७ मिलीच भरते. आयपीएही पाण्यात थोडे आकसते. म्हणून खुणेपर्यंत भरायचे.

ती खूण कशी करायची? शाळेसारखा मापक सिलिंडर घरात नसतो. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या. रिकामी कोरडी बाटली ठेवून काटा शून्यावर आणा, ५०० ग्रॅम पाणी ओता, पाण्याच्या पातळीवर बाहेरून न पुसला जाणारा मार्कर मारा. मग बाटली रिकामी करून पूर्ण वाळवा. आत राहिलेले पाणीही मापात धरले जाते. आयपीएही तोलता येते, पण ते पाण्यापेक्षा हलके असते. ३७६ मिली म्हणजे सुमारे २९५ ग्रॅम. ३७६ ग्रॅम तोलले तर मात्रा फारच वाढेल, तेव्हा घाई नको. ग्लिसरीन आणि पेरॉक्साइडसाठी सुई नसलेली १० मिलीची सिरिंज घ्या. औषधाच्या दुकानात काही रुपयांत मिळते आणि चमच्यापेक्षा कितीतरी खरी.

जागा आणि वेळ

आता जे सांगते ते कंटाळवाणे वाटेल, तरी सोडू नका. द्रवाची वाफ ज्या तापमानाला ठिणगीने पेट घेऊ शकते ते तापमान ७५ टक्के आयपीएसाठी सुमारे १९ अंश आहे. शुद्ध आयपीएसाठी १२. गोव्यात डिसेंबरच्या पहाटेही इतके गार क्वचितच होते. म्हणजे आपल्याकडे उघडी बाटली बाराही महिने पेटायच्या तयारीत असते. वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत सरपटत जाते आणि चार पावलांवरच्या समईपर्यंत पोचते. शिवाय अल्कोहोलची ज्योत फिकट निळी, भर उजेडात दिसतही नाही.

म्हणून स्वयंपाकघरात नाही. देवघराजवळ नाही. सकाळी उजेडात, सोप्यावर किंवा पडवीत, जिथे वारा आरपार वाहतो तिथे. दिवेलागणीला नको, तुळशीपुढे पणती लागते, धूप फिरतो. गॅस रेग्युलेटरपासून बंद. फ्रिजच्या शेजारी नको, त्याच्या आतल्या स्विचची ठिणगी दिसत नाही पण असते. सुती कपडे घाला. मोबाइल आत ठेवा, मुख्यतः हात मोकळे राहावेत म्हणून. मुले आणि विडी ओढणारे पाहुणे दोघांनाही अंगणापलीकडे पाठवा. शेजारी बादलीभर पाणी आणि एक ओले गोणपाट ठेवा. डोळ्यांना चष्मा, हातांना रबरी मोजे.

मिसळणे

मोजलेले आयपीए आधी खूण केलेल्या बाटलीत ओता. मूळ बाटलीची मान हिच्या तोंडाला टेकवून, सावकाश. उंचावरून धार धरू नका. मूळ बाटलीचे बूच लगेच लावा आणि ती आत नेऊन ठेवा, पुढच्या कामाला ती लागत नाही. मग पेरॉक्साइड. मग ग्लिसरीन. ते सिरिंजच्या भिंतीला चिकटून बसते; उकळून गार केलेले पाणी त्याच सिरिंजमध्ये ओढून दोन-तीनदा बाटलीत सोडा, म्हणजे सगळे उतरेल. आता खुणेच्या बोटभर खालपर्यंत पाणी घाला, बूच लावून हलकेच उलटसुलट करा, मिनिटभर थांबा. पातळी थोडी उतरलेली दिसेल. मग खुणेपर्यंत भरा.

झाले. ढवळायला मिक्सर, ब्लेंडर, असले काही लागत नाही, आणि मोटारीचे काहीही इथे नकोच.

लगेच लहान बाटल्यांत भरा, बूच घट्ट लावा, लेबल डकवा आणि ७२ तास हात लावू नका. "मिसळून यायला" हे तीन दिवस नाहीत. पेरॉक्साइडला बीजाणू मारायला तेवढा वेळ लागतो.

सुगंधासाठी मोगऱ्याचे अत्तर, चंदनाचे तेल, रंग, यातले काही घालू नका. कातडीला ॲलर्जी होते आणि मुलांना ते सरबत वाटते. कोरफडीची कृती सगळीकडे फिरते. तिचा हिशेब एकदा करूनच पाहा. दोन वाट्या ९९ टक्के अल्कोहोल आणि एक वाटी गर म्हणजे ६६ टक्के, चालेल. पण बहुतेक लोक दोन वाट्या ७० टक्क्यांचे स्पिरिट घेतात. मग उरतात जेमतेम ४७ टक्के, म्हणजे फेणीच्या पंगतीत. वर ताजा गर तळाशी बसतो.

आणि एक: फरशी पुसायचे ब्लीच आणि अल्कोहोल कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरोफॉर्मसारखी विषारी द्रव्ये तयार होतात. ज्या बादलीत ब्लीच होते तीही नको.

बाटली आणि लेबल

पाण्याची, सोड्याची, लिमकाची, व्हिनेगरची, कोकम आगळाची बाटली वापरू नका. मी वापरली होती. मामाचे नाक वाचवायला नेहमी हजर नसते. फवारा किंवा दाबाचे झाकण असलेली बाटली घ्या, जी तोंडाला लावताच येणार नाही. लेबल छापील नसले तरी चालेल, पण मोठ्या अक्षरांत आणि घरातल्या सगळ्यांना वाचता येईल अशा लिपीत हवे. माझ्या घरी आजीसाठी देवनागरी आणि कामाला येणाऱ्या बाईंच्या मुलासाठी कन्नड, दोन्ही आहे. मजकूर असा: "हातांना लावायचे. विष. पिऊ नये. आगीजवळ नेऊ नये. आयसोप्रोपिल अल्कोहोल ७५ टक्के." खाली तारीख. वरून पारदर्शक चिकटपट्टी, नाहीतर पावसाळ्यात शाई पसरते.

साठवण सावलीत, कपाटात, कडी लावून. दारूच्या कपाटात तर नाहीच नाही. मे महिन्यात गाडीत ठेवून जाऊ नका. झाकण सैल राहिले तर अल्कोहोल उडून टक्का उतरतो, आणि ते बघून कळत नाही. भाटीवाल्याकडून ग्राव, म्हणजे दारूची तीव्रता, मोजायची नळी आणून तपासू म्हणाल तर तेही जमणार नाही. ती इथेनॉलसाठी आहे, आयपीएत खोटे सांगते, आणि ग्लिसरीनमुळे आणखी.

वापरताना

हात कोरडे हवेत. ओल्या हातांवर तुम्ही पुन्हा पाणीच मिसळता. तळव्यात ओंजळीच्या खोलगटाएवढे, सुमारे ३ मिली, घ्या आणि बोटांच्या बेचक्या, नखे, अंगठे यांसह २० ते ३० सेकंद चोळा, आपोआप वाळेपर्यंत. चवथीच्या दिवसांत हे विशेष सांभाळा: गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या माटोळीखाली आरती चालू, घुमट वाद्याच्या तालात सगळे रंगलेले, आणि कोणीतरी दारातच सगळ्यांच्या हातांवर फवारा मारतो. ओल्या हातांनी निरांजन घेऊ नका. पूर्ण वाळू द्या, मगच.

काही बिघडलेच तर

डोळ्यात गेले तर पापण्या उघड्या धरून पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याची धार. सांडले तर आधी आसपासची ज्योत विझवा, विजेच्या बटणांना हात न लावता खिडक्या उघडा, मग भरपूर पाण्याने पुसा. बाटलीच्या तोंडाशी पेटले तर ओले गोणपाट टाकून झाका; पेटलेली बाटली उचलून पळू नका. हाताबाहेर गेले तर बाहेर पडा आणि १०१ लावा.

कोणी प्यायले तर उलटी करवू नका. १०८ बोलवा किंवा थेट इस्पितळात न्या, आणि बाटली लेबलासकट सोबत न्या. मुलांच्या बाबतीत घोटभरसुद्धा गंभीर. त्यांच्या रक्तातली साखर झपाट्याने उतरते. मिथेनॉलचा संशय असेल तर माणूस बरा दिसतो म्हणून थांबू नका. डोळ्यांपुढे धुके, पोटात कळ, धाप, ही लक्षणे अर्धा-एक दिवसानेही येतात. "वरून दोन पेग फेणी दिली की उतरते" असे सांगणारा एखादा शहाणा भेटेलच. मिथेनॉलवर उतारा आहे, तो इस्पितळात रक्त तपासून देतात. सोप्यावर नाही.

बाटली संपली की तीनदा पाण्याने विसळा, लेबल तसेच ठेवा आणि बुडाला खिळ्याने भोक पाडून मगच कचऱ्यात टाका. आपल्याकडे रिकामी बाटली वाया जात नाही. भोक नसले तर पुढच्या एप्रिलात तिच्यात कोणीतरी हुर्राक भरलेली असेल.